पत्त्यामागचे नाव कोणी उघडावे?

स्वामित्वहक्काचा, म्हणजेच कॉपीराइटचा, कायदा मुळात दारावर पाटी असलेल्या माणसांसाठी रचला गेला. पुस्तकाची चोरटी आवृत्ती काढणारा छापखाना, बनावट कॅसेटी विकणारा दुकानदार किंवा परवान्यावाचून चित्रपट दाखवणारा व्हिडिओ पार्लरचा मालक यांना ठावठिकाणा असे, आणि न्यायालयाचा बेलिफ त्या ठिकाणापर्यंत चालत जाऊ शके. इंटरनेटने नक्कल करण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आणला, आणि त्याच वेळी ती पाटीही काढून टाकली. तिच्या जागी राहिला तो आकड्यांचा एक पत्ता. त्या आकड्यांमागे कोणते नाव आहे हे कोणाला, कोणत्या अटींवर आणि कोणाच्या परवानगीने कळावे, या प्रश्नावर गेली दोन दशके अमेरिका, युरोप आणि आता भारत येथे कायदेमंडळे आणि न्यायालये झगडत आहेत. वरवर पाहता हा वाद फुकट गाणी आणि चोरटे चित्रपट यांचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी नागरिकाच्या खासगी नोंदींवर न्यायाधीशाचा पहारा असावा की नसावा, हा अधिक जुना आणि अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे.

नोंदवही आणि बोगदा

इंटरनेटच्या प्रत्येक जोडणीला जो क्रमांक मिळतो त्याला आयपी पत्ता म्हणतात. हा क्रमांक नसेल तर मागवलेले पान किंवा गाणे कोणाकडे पाठवायचे हे जाळ्यातील यंत्रांना कळणार नाही. मात्र घराच्या पत्त्याप्रमाणे तो कायमचा एकाच्याच नावावर असतो असे नाही. इंटरनेट पुरवणारी कंपनी आपल्याजवळचे क्रमांक ग्राहकांना आळीपाळीने वापरायला देते, आणि मोबाइलच्या जाळ्यात तर एकच क्रमांक एकाच वेळी अनेक ग्राहकांमध्ये वाटलेला असतो. त्यामुळे अमुक दिवशी अमुक वाजता अमुक क्रमांक कोणाकडे होता, याचे उत्तर फक्त त्या कंपनीच्या नोंदवहीत, म्हणजे तांत्रिक भाषेत लॉगमध्ये, सापडते. त्या उत्तरातही जोडणी कोणाच्या नावावर आहे एवढेच कळते. त्या वेळी यंत्रासमोर घरातला कोण बसला होता, की शेजाऱ्याने वायफाय वापरले होते, हे नोंदवही सांगत नाही.

चोरट्या देवाणघेवाणीत हे पत्ते उघडे पडतात ते बिटटोरंटसारख्या पद्धतीमुळे. ब्रॅम कोहेन या अमेरिकी प्रोग्रामरने २००१ मध्ये आणलेल्या या पद्धतीत मोठ्या फाइलचे लहान लहान तुकडे केले जातात आणि जो ती फाइल उतरवून घेतो तोच मिळालेले तुकडे त्याच क्षणी इतरांना पुरवत असतो. पद्धत म्हणून ती पूर्णपणे वैध आहे आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या वितरणासाठीही ती वापरली जाते. परंतु तुकड्यांची अदलाबदल करायची तर सर्व सहभागींना एकमेकांचे पत्ते दिसावेच लागतात. हक्कधारकांनी नेमलेल्या संस्था या घोळक्यात स्वतःही सामील होतात आणि समोर दिसणारे पत्ते वेळेसह टिपून घेतात. कायद्याच्या नजरेतही फरक पडतो, कारण असा वापरकर्ता नुसता पाहणारा राहत नाही, तर वितरण करणारा ठरतो.

या उघड्या पत्त्यावर झाकण घालण्याचे काम व्हीपीएन, म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क, करते. घराबाहेरून कार्यालयाच्या जाळ्यात सुरक्षितपणे शिरता यावे म्हणून हे तंत्र आधी कंपन्यांनी वापरात आणले. त्यात ग्राहकाचे यंत्र आणि सेवा देणाऱ्या कंपनीचा सर्व्हर यांच्यामध्ये कूटबद्ध माहितीचा एक बोगदा तयार होतो. ग्राहकाची सर्व ये-जा त्या बोगद्यातून होते आणि बाहेरच्या जगाला ग्राहकाचा नव्हे, तर त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला बोगदा दिसतो, पण त्यातून काय गेले ते दिसत नाही. म्हणूनच सार्वजनिक वायफायवर बँकेचे व्यवहार करणारा प्रवासी, सूत्रांचे नाव जपणारा पत्रकार आणि नवा चित्रपट फुकट उतरवणारा तरुण हे तिघेही एकच साधन वापरतात, आणि साधनाकडे पाहून त्यांच्यात भेद करता येत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. व्हीपीएनमुळे विश्वास ठेवण्याची गरज संपत नाही, फक्त विश्वासाची जागा बदलते. जी नोंदवही आधी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे होती, ती आता व्हीपीएन कंपनीकडे तयार होऊ शकते. 'हाइडमायअ‍ॅस' या ब्रिटिश सेवेने २०११ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून आपल्या नोंदी दिल्या आणि सोनी पिक्चर्सच्या संकेतस्थळावरील हल्ल्यातील एक संशयित त्यातून सापडला. २०१७ मध्ये 'प्युअरव्हीपीएन'च्या नोंदी अमेरिकेतील पाठलागाच्या एका गुन्ह्यात पुरावा म्हणून पुढे आल्या, आणि नोंदी ठेवत नसल्याची तिची जाहिरात त्यामुळे लोकांच्या चर्चेचा विषय झाली. तेव्हापासून या व्यवसायातील खरी स्पर्धा बोगद्याच्या वेगापेक्षा नोंदवहीच्या कोरेपणावर होऊ लागली.

अमेरिका : कारकुनाचा शिक्का

नाव मिळवण्याची पहिली मोठी लढाई अमेरिकेत झाली. १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यात अशी तरतूद होती की हक्कधारकाने न्यायालयाच्या कारकुनाकडे ठराविक नमुन्यातील अर्ज करावा, कारकुनाने त्यावर शिक्का मारावा आणि तो आदेश घेऊन सेवा पुरवठादाराकडून ग्राहकाचे नाव मिळवावे. त्यासाठी दावा दाखल करण्याची वा न्यायाधीशासमोर जाण्याची गरज नव्हती. ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने, आरआयएएने, या तरतुदीचा आधार घेतला तेव्हा व्हेरायझन या दूरसंचार कंपनीने नावे देण्यास विरोध केला, आणि १९ डिसेंबर २००३ रोजी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. जी फाइल ग्राहकाच्या स्वतःच्या संगणकावर आहे आणि जिची कंपनी केवळ वाहतूक करते, तिच्यासाठी ही सोपी वाट नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

तोपर्यंत खटल्यांची लाट सुरू झाली होती. ८ सप्टेंबर २००३ रोजी २६१ व्यक्तींवर एकदम दावे दाखल झाले आणि त्यांत न्यूयॉर्कमधील बारा वर्षांच्या मुलीचे प्रकरण सापडल्याने उद्योगाची मोठी नाचक्की झाली. सुमारे ३५,००० लोकांना अशा कारवाईला तोंड द्यावे लागल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये हे धोरण थांबवण्यात आले. बहुतेकांनी काही हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवले. जे लढले त्यांच्या वाट्याला आलेले आकडे सामान्य बुद्धीला न पटणारे होते. मिनेसोटातील एका महिलेला २४ गाण्यांसाठी २००९ मध्ये ज्यूरीने १९ लाख २० हजार डॉलरचा दंड सांगितला आणि पुढे अपिलात तो २ लाख २२ हजारांवर स्थिर झाला.

नाव मिळवण्याची वाट किती निसरडी आहे हे मात्र दुसऱ्याच एका प्रकरणाने दाखवले. प्रेंडा लॉ या कंपनीच्या वकिलांनी अश्लील चित्रपटांचे हक्क मिळवले, काही चित्रपट तर स्वतःच तयार करवून घेतले, ते स्वतःच देवाणघेवाणीच्या जाळ्यात सोडले, उतरवून घेणाऱ्यांचे पत्ते टिपले, न्यायालयाकडून नावे मिळवली आणि मग अब्रू जाण्याच्या भीतीवर सुमारे ६० लाख डॉलरची तडजोड वसूल केली. त्यांच्यापैकी प्रमुखाला २०१९ मध्ये चौदा वर्षांची शिक्षा झाली. या प्रकरणात न्यायालयाच्या हातून नावे गेली ती न्यायाधीशाला खोटी माहिती दिली गेल्यामुळे, आणि तोच बनाव अखेर उघडकीला आणला तो साशंक झालेल्या न्यायाधीशांनी, ही गोष्ट विसरता येत नाही. न्यायालयीन पहारा चुकू शकतो. परंतु चूक शोधण्याची सोय फक्त त्याच्याजवळ असते.

स्वीडन : कायदा आणि त्याची सावली

या झगड्याचा सर्वांत बोलका इतिहास सुमारे एक कोटी लोकवस्तीच्या स्वीडनमध्ये घडला. 'द पायरेट बे' हे टोरंटचे जगप्रसिद्ध संकेतस्थळ २००३ मध्ये तेथेच सुरू झाले. ३१ मे २००६ रोजी स्टॉकहोममध्ये पोलिसांनी छापा घालून त्याचे सर्व्हर उचलून नेले, पण तीन दिवसांत संकेतस्थळ पुन्हा चालू झाले आणि छाप्याने त्याची प्रसिद्धीच वाढवली. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी रिकार्ड फाल्कविंगे यांनी पायरेट पार्टी नावाचा राजकीय पक्ष स्थापन केला होता, आणि ऑगस्टमध्ये त्या पक्षाच्या पाठिंब्याने 'रेलॅक्स' ही पत्ता झाकणारी सशुल्क सेवा बाजारात आली.

युरोपीय संघाने २००४ मध्ये बौद्धिक संपदेच्या अंमलबजावणीसाठी एक निर्देश काढला होता. संघाचा निर्देश म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचे बंधन. स्वीडनने हा निर्देश १ एप्रिल २००९ पासून लागू केला, आणि लोकांच्या तोंडी तो कायदा 'आयप्रेड' म्हणून रुळला. त्याची रचना अमेरिकी तरतुदीपेक्षा सावध होती. हक्कधारकाला नाव हवे असेल तर न्यायालयासमोर हक्कभंगाचा सबळ संशय दाखवावा लागे, आणि नाव उघड केल्याने होणारे नुकसान तपासाच्या गरजेपेक्षा मोठे नाही ना, हे न्यायालय तोलून पाही. तरीही कायदा लागू झाला त्या दिवशी देशातील इंटरनेट वाहतूक सुमारे एक तृतीयांशाने घसरली. भीतीचा हा परिणाम टिकला मात्र नाही. काही महिन्यांत वाहतूक पूर्ववत झाली.

टिकाऊ परिणाम झाला तो दुसरीकडे. पायरेट बेशी संबंधित मंडळींनी कायद्याच्याच नावावर कोटी करून 'आयप्रेडेटर' नावाची व्हीपीएन सेवा काढली. लुंड विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञांनी तरुणांच्या वर्तनाचा मागोवा घेतला, तेव्हा पुढील काही वर्षांत ओळख झाकण्यासाठी पैसे मोजणाऱ्यांची संख्या वाढल्याचे त्यांना दिसले. जे गाण्यासाठी पैसे द्यायला तयार नव्हते, ते आता न दिसण्यासाठी पैसे देऊ लागले होते. १७ एप्रिल २००९ रोजी पायरेट बेच्या चौघांना एकेक वर्षाची कैद आणि तीन कोटी क्रोनरची भरपाई सुनावली गेली, आणि जूनमधील युरोपीय निवडणुकीत पायरेट पार्टीला ७.१ टक्के मते मिळाली.

इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनीही बाजू घेतली. योन कार्लुंग यांच्या नेतृत्वाखालील बानहॉफ या कंपनीने त्याच वसंतात ग्राहकांच्या पत्त्यांच्या नोंदी ठेवणेच बंद केले. कायदा नोंदी मागण्याचा अधिकार देत होता, पण त्या ठेवण्याची सक्ती करत नव्हता, आणि या फटीतून कंपनीने आपली वाट काढली. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, हा व्यवहार येथे कायदेशीर धोरण बनला. पुढे संचार नियामकाने २०१४ मध्ये नोंदी ठेवण्याची दंडासह सक्ती केली, तेव्हा बानहॉफने आपल्या सर्व ग्राहकांना नोंदी न ठेवणारी व्हीपीएन सेवा विनामूल्य देऊ केली. म्हणजे एका हाताने ठेवलेली नोंद दुसऱ्या हाताने निरुपयोगी केली.

याच काळात गोथेनबर्ग येथे २००९ मध्ये 'मुलवाद' ही सेवा सुरू झाली. जमिनीखाली बोगदे खणणाऱ्या एका लहान प्राण्याचे हे स्वीडिश नाव. तिथे ग्राहकाला नाव वा ईमेल द्यावा लागत नाही. सोळा आकड्यांचा एक क्रमांक हेच त्याचे खाते असते, दरमहा पाच युरो हा दर आरंभापासून बदललेला नाही आणि पैसे पाकिटात घालून टपालानेही पाठवता येतात. १८ एप्रिल २०२३ रोजी स्वीडिश पोलीस झडतीचा आदेश घेऊन तिच्या कार्यालयात आले आणि ग्राहकांची माहिती अस्तित्वातच नाही हे समजल्यावर रिकाम्या हाताने परत गेले. हे प्रकरण स्वामित्वहक्काचे नव्हते, तर जर्मनीतील एका गंभीर गुन्ह्याच्या तपासाचे होते. आणि म्हणूनच ते विचारात पाडणारे आहे. गाणी उतरवणाऱ्यांच्या भीतीने वाढलेली बाजारपेठ आता अशा ठिकाणी पोहोचली होती की न्यायाधीशाने रीतसर दिलेला, योग्य कारणासाठीचा आदेशही तेथे निष्फळ ठरत होता. दुसऱ्याच महिन्यात, गैरवापराला कंटाळून, याच सेवेने बाहेरच्या यंत्रांना ग्राहकाच्या यंत्राशी थेट जोडणी करू देणारी सोय बंद केली, यावरून झाकण विकणाऱ्यालाही झाकणाखालच्या सर्व गोष्टींची किंमत मोजावी लागते हे दिसते.

स्वीडनच्या इतिहासाला आणखी एक बाजू आहे. पायरेट बेच्या खटल्याच्या काही महिने आधी, ऑक्टोबर २००८ मध्ये, 'स्पॉटिफाय' ही गाणी ऐकवणारी सेवा त्याच स्टॉकहोममधून सुरू झाली होती. माफक शुल्कात किंवा जाहिराती ऐकून हवे ते गाणे तत्काळ मिळू लागले, तेव्हा ते चोरण्याचे कष्ट घेण्याचे कारण अनेकांपुरते उरले नाही.

युरोपीय न्यायालयाचा तराजू

देशोदेशींचे हे वाद लक्झेंबर्ग येथील युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेले. स्पेनमधील संगीत निर्मात्यांच्या प्रकरणात २९ जानेवारी २००८ रोजी न्यायालयाने सांगितले की दिवाणी दाव्यासाठी ग्राहकाचे नाव द्यावे अशी सक्ती युरोपीय कायदा करत नाही, पण तशी तरतूद करायला मनाईही करत नाही. मात्र संपत्तीचा हक्क आणि खासगीपणाचा हक्क यांत योग्य समतोल राखला गेला पाहिजे. स्वीडनमधील पाच प्रकाशकांनी २७ बोलक्या पुस्तकांच्या चोरट्या प्रतींसाठी केलेल्या दाव्यात १९ एप्रिल २०१२ रोजी न्यायालयाने स्वीडिश कायदा या कसोटीला उतरतो असे म्हटले, आणि त्याचे प्रमुख कारण हेच की त्यात प्रत्येक प्रकरण न्यायाधीश तोलून पाहतो.

याउलट सर्व नागरिकांच्या दळणवळणाच्या नोंदी सहा महिने ते दोन वर्षे सरसकट साठवून ठेवण्याचा २००६ चा युरोपीय निर्देश ८ एप्रिल २०१४ रोजी याच न्यायालयाने रद्द ठरवला. संशय एकावर, नोंद सर्वांची, ही रचना त्याला मान्य झाली नाही.

फ्रान्सने निराळा मार्ग धरला. २००९ मध्ये तेथे 'आदोपी' हे स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. पहिल्या वेळी इशारा, दुसऱ्या वेळी पुन्हा इशारा आणि तिसऱ्या वेळी इंटरनेट बंद, अशा त्याच्या पायऱ्या होत्या. परंतु १० जून २००९ रोजी फ्रान्सच्या घटना परिषदेने स्पष्ट केले की इंटरनेट वापरणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, त्यामुळे ते तोडण्याची शिक्षा प्रशासकीय संस्थेला देता येणार नाही, ती केवळ न्यायाधीश देऊ शकतो. जोडणी तोडण्याची शिक्षाच पुढे २०१३ मध्ये मागे घेण्यात आली, पण इशारे चालू राहिले. पत्त्यावरून नाव मिळवण्याच्या या प्राधिकरणाच्या अधिकारालाही आव्हान मिळाले, तेव्हा ३० एप्रिल २०२४ च्या निकालात युरोपीय न्यायालयाने भूमिका काहीशी सैल केली. पत्ते आणि नावे एकमेकांपासून काटेकोरपणे वेगळी साठवली असतील, तर नुसते नाव कळण्याने खासगी आयुष्याचे चित्र उभे राहत नाही, म्हणून ते मिळू शकते. परंतु एकाच माणसाच्या वारंवारच्या नोंदी जोडून त्याच्या आवडीनिवडी उघड होण्याची शक्यता निर्माण झाली की तेथे आधी न्यायालयाची किंवा स्वतंत्र संस्थेची तपासणी हवी, असे न्यायालयाने ठरवले.

नावाचा नाद सोडून नळाकडे

नावे मिळवणे असे अवघड, खर्चिक आणि बदनामीकारक ठरू लागले, तेव्हा हक्कधारकांनी पाणी पिणाऱ्याला शोधण्याऐवजी नळच बंद करण्याकडे मोर्चा वळवला. न्यायालयाकडून संकेतस्थळे अडवण्याचे आदेश घ्यायचे आणि ते इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांकडून अमलात आणायचे, ही पद्धत जगभर रूढ झाली. अडवलेल्या संकेतस्थळावर पोहोचण्याचे साधन पुन्हा व्हीपीएनच असल्याने आता लढाई थेट त्या सेवांच्या दारात आली आहे.

अमेरिकेत चित्रपट निर्मात्यांनी काही व्हीपीएन कंपन्यांवर दावे लावले. २०२२ च्या मार्चमध्ये 'टॉरगार्ड' या सेवेने तडजोड म्हणून आपल्या अमेरिकेतील सर्व्हरवरून बिटटोरंटची वाहतूक रोखण्याचे मान्य केले, तर चोरटे चित्रपट पाहण्याचे साधन म्हणून स्वतःची जाहिरात करणाऱ्या 'लिक्विडव्हीपीएन'वर १ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक रकमेचा एकतर्फी निकाल लागला. फ्रान्समध्ये क्रीडा प्रक्षेपणाचे हक्क असलेल्या कॅनाल प्लस वाहिनीच्या अर्जावरून पॅरिसच्या न्यायालयाने १५ मे २०२५ रोजी नॉर्डव्हीपीएन, प्रोटॉन, एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि सायबरघोस्ट या पाच सेवांनाच चोरट्या प्रक्षेपणाची संकेतस्थळे अडवण्याचा आदेश दिला.

क्रीडा उद्योगाची निकड खरी आहे, कारण फुटबॉलच्या सामन्याचे मोल नव्वद मिनिटांचे असते आणि दुसऱ्या दिवशी मिळालेला न्याय त्याला उपयोगी पडत नाही. परंतु घाईची किंमत इटलीत दिसली. २०२३ च्या कायद्यानुसार तेथील संचार नियामकाने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पायरसी शील्ड' ही यंत्रणा सुरू केली. हक्कधारकाने पत्ता नोंदवला की अर्ध्या तासात तो अडवला जावा अशी तिची रचना आहे, आणि अडवण्यापूर्वी न्यायाधीशाला तेथे जागा नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये या यंत्रणेने गूगल ड्राइव्हशी संबंधित पत्ताच अडवला आणि काही तास देशभरातील लोकांना स्वतःच्याच फाइल मिळेनाशा झाल्या. एकाच आयपी पत्त्यावर शेकडो निर्दोष संकेतस्थळे नांदत असल्याने सुक्याबरोबर ओले जळण्याचा हा धोका अपवादात्मक नसून या पद्धतीत अंगभूत आहे.

भारत : अशोक कुमार आणि पाच वर्षांची नोंद

भारतात सामान्य वापरकर्त्यांना नावानिशी न्यायालयात खेचण्याची अमेरिकी पद्धत रुजली नाही. येथे अज्ञात प्रतिवादीविरुद्धच्या आदेशांची परंपरा वाढली. अनोळखी प्रतिवादीला इंग्रजी कायद्यात जे 'जॉन डो' हे कल्पित नाव दिले जाते, त्याचा भारतीय अवतार 'अशोक कुमार' हा आहे. २०१२ मध्ये दोन दाक्षिणात्य चित्रपटांसाठी मद्रास उच्च न्यायालयाने दिलेल्या अशाच आदेशांचा अर्थ इंटरनेट कंपन्यांनी इतका सैल लावला की विमिओसारखी वैध संकेतस्थळेही देशात बंद पडली, आणि फक्त ठराविक पानेच अडवावीत असा खुलासा न्यायालयाला त्या जूनमध्ये करावा लागला.

या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाची कामगिरी विशेष नोंदण्यासारखी आहे. 'ढिशूम' या हिंदी चित्रपटाच्या प्रदर्शनापूर्वी, जुलै २०१६ मध्ये, निर्मात्यांनी असाच आदेश मागितला तेव्हा न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट संकेतस्थळे बंद करण्यास नकार दिला, प्रत्येक दुव्याची पडताळणी करून ती शपथपत्रावर सांगायला लावली, आणि ज्याचे पान चुकीने अडवले जाईल त्याला दाद कोठे मागायची हे त्या पानावरच दिसावे अशी व्यवस्था केली. अडवलेल्या पानांवर झळकणाऱ्या इशाऱ्यातून चोरटी प्रत नुसती पाहणे हाच तुरुंगवासाचा गुन्हा असल्याचा समज पसरत होता. कायदा तसे म्हणत नाही, हेही त्यांनी पुढच्या आदेशात स्पष्ट केले. त्यानंतर दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये नाव बदलून पुन्हा उगवणाऱ्या संकेतस्थळांनाही लागू होणारा 'गतिमान' मनाई हुकूम आणि ऑगस्ट २०२३ मध्ये अद्याप तयार न झालेल्या कलाकृतींनाही आगाऊ संरक्षण देणारा त्याचा विस्तारित प्रकार रूढ केला. निर्मात्यांची बाजू यामुळे बळकट झाली. मात्र मुंबईच्या आदेशातील काटेकोर पडताळणीची सवय त्या वेगात मागे पडू नये, ही काळजी उरते.

पत्त्यामागच्या नावाचा प्रश्न भारतात आला तो निराळ्या दाराने. केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या संगणक सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढून व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक, दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचे कारण या नोंदी, ग्राहकाने सेवा सोडल्यावरही, किमान पाच वर्षे ठेवण्यास सांगितले. कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी चालवलेल्या व्हीपीएनला यातून सूट मिळाली. निर्देशाचा घोषित हेतू सायबर सुरक्षा हा होता, स्वामित्वहक्क नव्हे. परंतु एकदा तयार झालेली नोंदवही एकाच कारणासाठी उघडली जाते असा अनुभव कोठलाच नाही. परिणाम स्वीडनसारखाच झाला. एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन आणि प्रोटॉन यांनी आपले सर्व्हर भारतातून हलवले आणि परदेशी सर्व्हरवरून भारतीय पत्ते पुरवणे काहींनी चालू ठेवले. आदेश पाळण्याचे ओझे पडले ते येथे राहून धंदा करणाऱ्या लहान व्यावसायिकांवर. त्यांच्यापैकीच पुण्यातील 'एसएनटी होस्टिंग्ज' या लहान कंपनीने त्याच सप्टेंबरमध्ये या निर्देशांना दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले.

या सर्व इतिहासातून एक निष्कर्ष निघतो. निर्मात्याचा हक्क खरा आहे. मर्यादित भांडवलावर उभ्या राहिलेल्या प्रादेशिक चित्रपटाची चोरटी प्रत पहिल्याच आठवड्यात फिरू लागली तर त्याला दुसरा आठवडा मिळत नाही, आणि अशा वेळी दाद मागण्याची वाट मोकळी असलीच पाहिजे. नागरिकाचा खासगीपणाही तितकाच खरा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो मूलभूत हक्क मानला आणि त्यावरील प्रत्येक बंधनाला कायद्याचा आधार, उचित हेतू आणि हेतूच्या प्रमाणात साधन, या कसोट्या लावल्या. या दोन हक्कांना तोलणारा तराजू जेथे न्यायाधीशाच्या हाती राहिला, तेथे निकाल कधी एका बाजूला, कधी दुसऱ्या बाजूला गेला, तरी दोन्ही पक्षांना तो पेलता आला. जेथे न्यायाधीशाला वगळले गेले, मग ते कारकुनाच्या शिक्क्याने असो, अर्ध्या तासाच्या यंत्रणेने असो किंवा सरसकट साठवलेल्या नोंदींनी असो, तेथे कोरी नोंदवही विकत घेण्याचे कारण लोकांना अधिकच पटले, आणि कोऱ्या नोंदवहीपुढे चोर आणि साव, खोटा दावा आणि खरा तपास, सारे सारखेच ठरतात. पत्त्यामागचे नाव कोणालाच कधी कळू नये असे म्हणणे जितके अवाजवी, तितकेच ते मागेल त्याला मिळावे असे म्हणणेही अवाजवी आहे. ते न्यायाधीशाने, कारणे नोंदवून, एका वेळी एकच उघडावे.